उघड्या दारातलं पेटंट

लग्नाकार्यात कुणी विचारलं, "तुम्ही नोकरीत काय करत होता?" की मी "पेटंटचं काम" म्हणते आणि समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर समजूतदार हसू येतं. म्हणजे ही औषधाच्या दुकानात बसत असणार. एका भाचेसुनेने तर गुडघ्यांवर एखादं चांगलं पेटंट सुचवा म्हणून माझा पिच्छा पुरवला होता. मी तिला तिळाचं तेल सांगितलं. त्याने तिला बरं वाटलं असं ऐकते, तेव्हा माझ्या उभ्या नोकरीत एवढं तरी लोकांच्या उपयोगी पडलं म्हणायचं.

खरं काम वेगळं होतं. मी सातारची, रसायनशास्त्राची एम.एस्सी., आणि मुंबईत फोर्टातल्या एका पेटंट एजंटांच्या कचेरीत निवृत्तीपर्यंत टिकले. पेटंट म्हणजे काय, ते सोप्यात सांगते. तुम्हाला एखादी नवी युक्ती सुचली. ती सरकारला सविस्तर लिहून द्यायची. त्या बदल्यात सरकार काही वर्षं बाकीच्यांना बजावतं की यांच्या परवानगीशिवाय ही वापरायची नाही. अट मात्र कडक. अर्ज दाखल होतो त्या दिवशी युक्ती नवी असली पाहिजे. त्याआधी ती कुठे छापून आलेली चालत नाही, आपल्या देशात चारचौघांत वापरलेली चालत नाही. तुम्ही स्वतःच ती लोकांसमोर उघड केलीत, तरी खेळ संपला.

ही अट समजावताना मी निम्मी हयात घालवली. कराडचे एक गृहस्थ विजेशिवाय आपोआप चालणारा पाण्याचा पंप घेऊन यायचे. दर खेपेला पंप तेवढा "थोडक्यात" अडलेला असायचा. वाईच्या एका वैद्यांना दम्याच्या काढ्यावर पेटंट हवं होतं, पण काढ्यात काय घालतात ते मात्र सांगायचं नव्हतं. "सांगितलं की फुटलं," म्हणायचे. अशा मंडळींवर मी मनसोक्त हसले आहे. पण जी माणसं काहीच लपवत नाहीत त्यांच्यापुढे आपण किती हतबल होतो, हे मला कुपवाडला कळलं.

सत्तरचं दशक उतरणीला लागलं होतं. नवा पेटंट कायदा येऊन काही वर्षं झाली होती. त्या कायद्याने औषधावर पेटंट मिळणं बंद केलं. ते बनवण्याच्या पद्धतीवर तेवढं मिळे, तेही फार तर सात वर्षांचं. साहजिकच पद्धतीला भाव आला. मुंबईची एक औषध कंपनी सांगलीजवळ कुपवाडला असलेला एक छोटा कारखाना विकत घेणार होती. घर घेण्याआधी शहाणा माणूस सात-बारा तपासतो, तसं धंदा घेण्याआधी त्याचं पेटंट तपासतात. कोर्टात उभं राहील का, की पहिल्याच धक्क्याला पडेल? ते पाहायला आमच्या कचेरीने मला पाठवलं. बरोबर कंपनीचे व्यवस्थापक पेठे होते. गोड बोलणारा, बारीक नजरेचा माणूस.

कारखान्याचे मालक इंगवले. मूळचे वडूजकडचे, लष्कराच्या वैद्यकीय पथकातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. सगळं कुपवाड त्यांना हवालदारसाहेबच म्हणायचं. ते पचनाची भुकटी बनवायचे. बोकडाच्या पोटात स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. तिच्यातलं पाचक द्रव्य वाळवून केलेली भुकटी पचन मंदावलेल्या रोग्यांना देतात. पंचाईत अशी की बोकड कापला की ती ग्रंथी बघता बघता खराब होते. मोठे कारखानदार त्यासाठी बर्फाच्या पेट्या घेऊन हिंडायचे. इंगवल्यांकडे बर्फ नव्हता, सांगलीची साखर होती. ग्रंथी काढल्याबरोबर बारीक करून साखरेच्या दाट पाकात मुरवायची आणि मग स्पिरिटने तिच्यातली चरबी काढून ती वाळवायची. साखरेने सांभाळलेलं पाचक द्रव्य स्पिरिटातही शाबूत राहायचं.

"हा तर मुरांबाच झाला की," गाडीत पेठे म्हणाले. "याचं कसलं आलंय पेटंट?"

"तुमच्या घरी बोकडाच्या स्वादुपिंडाचा मुरांबा घालत असतील, तर तसं लिहून द्या. मी लावते रिपोर्टला," मी म्हटलं. ते हसले. मीही हसले. तोवर सगळं ठीक होतं.

सौद्यात इंगवल्यांनी एकच अट घातली होती, पण ती सोडायला ते तयार नव्हते. कारखाना कुपवाडलाच राहायचा आणि तिथल्या सगळ्या बायकांना कामावर ठेवायचं. या बायका माण तालुक्यातल्या. दुष्काळात गाव सोडून आलेली कुटुंबं. नवरे मुंबईला गिरणीत, सासवा-सुना आणि पोरं इथे. इंगवल्यांच्या डोळ्यांत काचबिंदू होता आणि मुलगा सैन्यात रमलेला. कारखाना आता त्यांच्याने फार काळ चालणार नव्हता. कंपनीला मात्र कुपवाडचं काडीचं प्रेम नव्हतं. तिला पद्धत हवी होती आणि पद्धतीवर इंगवल्यांचं पेटंट होतं, म्हणून ती अट ऐकून घेत होती. पेटंट पडलं, तर तीच भुकटी आपल्या ठाण्याच्या कारखान्यात बनवायला तिला कुणाची परवानगी लागणार नव्हती. मग कुपवाडच्या बायका काय आणि कुपवाड काय.

सकाळभर मी तपासत होते. फी वेळेवर भरलेली, मालकी त्यांच्याच नावावर, लिखाण चोख. आदल्या महिन्यात परदेशी नियतकालिकं चाळून झाली होती, साखरेची ही युक्ती कुठेच सापडली नव्हती. मला बरं वाटत होतं. विकत घेणाऱ्याच्या बाजूने तपासायला गेलेल्या माणसाला असं बरं वाटू नये, पण वाटत होतं. शेडमध्ये पांढरे डगले घातलेल्या बायका स्टीलच्या टेबलांवर काम करत होत्या. फरशीवर माशी नव्हती. दुपारी इंगवल्यांनी हट्टाने घरी जेवायला नेलं. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, ताक. शेवटचे दोन-तीन नेहमीचे प्रश्न उरले होते, ते मी ताटावरच काढले.

"हवालदारसाहेब, अर्ज करण्याआधी ही पद्धत बाहेरच्या कुणाला दाखवली होती का?"

या प्रश्नाला सगळे "छे" म्हणतात. खरं असो वा नसो, छेच म्हणतात.

इंगवल्यांचा चेहरा फुलला. "दाखवली म्हंजे? अख्खं कुपवाड लोटलं हुतं की! दसऱ्याला मुहूर्त केला न्हवं का. मांडव घातला, भोंगा लावला, पातेल्याला हार घातला. लोकांम्होरं पैला घाणा काढला आमी!"

माझा घास हातातच राहिला. "आणि अर्ज?"

"अर्जाचे कागद लय आदी आलं हुतं मुंबईस्नं, सहीला. पर पितरं चालू हुती. पितरपाटात नव्या कामाला सही कुठं करायची? मग घट बसलं. म्हटलं, आता दसराच बरा. देवाम्होरं ठेवलं कागद. दसऱ्याला सकाळी सही केली, दुपारी घाणा काढला. दुसऱ्या रोजी पाकीट टपालात टाकलं."

टपालातलं पाकीट मुंबईच्या कार्यालयात पोचून शिक्का बसायला आणखी काही दिवस गेले होते. कायदा तो शिक्का पाहतो. त्या मधल्या चार दिवसांत ही पद्धत इंगवल्यांची राहिली नव्हती, सगळ्या गावाची झाली होती. पितृपक्षातच सही करून टाकली असती, तर पुढे शंभर मांडव घातले असते तरी कुणाचं काही बिघडलं नसतं.

मी पेठ्यांकडे पाहिलं नाही. पण माझा हात थांबलेला त्यांनी पाहिला होता. त्यांनी ताकाचा पेला खाली ठेवला आणि अगदी सहज विचारलं, "गर्दीला काय समजणार म्हणा. तुम्ही समजावून सांगितलं होतं का?"

हो म्हणू नका, मी मनात म्हणत होते. एवढं एकदा खोटं बोला. माणसं किती सहज बोलतात. कराडचे गृहस्थ तर रोज बोलायचे.

"भोंग्यावर निस्तं स्वागत केलं," इंगवले म्हणाले. "सगळ्यास्नी काय कळतंय त्यातलं? आत पातेल्यापाशी समजावून सांगितलं ते आठल्येसरांस्नी. साताऱ्याचं प्रोफेसर. पाव्हणं म्हणून बोलावलं हुतं. रसायनातला लय मोठा माणूस."

दारापर्यंत पोचवायला ते आले, तेव्हा पेठे गाडीत बसले होते. इंगवल्यांनी मला हलकेच विचारलं, "बाई, मी कायतरी वावगं बोललो काय? रिपोर्ट आल्यावर डॉक्टरचं त्वांड हुतंय, तसं झालंय तुमचं."

मी कंपनीच्या बाजूची. त्यांना सल्ला द्यायची मला मुभा नव्हती. "तुम्ही खरं तेच बोललात," एवढंच मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. लष्करात आयुष्य काढलेल्या माणसाला न सांगितलेलंही कळतं.

एक बारीक धागा उरला होता. गर्दीने हार घातलेलं पातेलं पाहिलं, पण घरी जाऊन तसं करता येईल इतकं कुणालाच कळलं नव्हतं, असं म्हणता आलं तर पेटंटची बाजू मांडायला जागा होती. सगळं येऊन अडलं आठल्येसरांपाशी. दुसऱ्या दिवशी आम्ही साताऱ्याला निघालो. माझं गाव, पण त्या दिवशी अजिंक्यतारा दिसला तरी जीव थाऱ्यावर आला नाही. वाटेत पेठे उसाच्या भावाबद्दल बोलत होते आणि मी हो-नाही करत होते.

आठल्येसरांचा दरारा मी लहानपणापासून ऐकून होते. विद्यार्थ्याच्या वहीतलीच काय, लग्नपत्रिकेतली चूकही ते लाल शाईने सुधारत आणि यजमानांना परत पाठवत, अशी त्यांची ख्याती. यादोगोपाळ पेठेतल्या घरी ते झोपाळ्यावर बसले होते. बारीक, ताठ, स्वच्छ धोतर. मी विचारलं, "सर, कुपवाडला दसऱ्याच्या दिवशी तुम्ही काय पाहिलंत?"

"हे कशासाठी हवंय?"

"औपचारिक आहे, सर," पेठे म्हणाले. "फाइल पुरी करायची म्हणून."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली वळवली. झोपाळा थांबला. एवढ्यावरून त्यांनी ओळखलं. हुशार माणूस, आणि इंगवल्यांवर त्यांचा जीव होता. मग जन्मात कधी न म्हटलेलं वाक्य एकेक शब्द चावत म्हणावं तसं म्हणाले, "मला तिथलं काहीही कळलं नाही."

"काहीच नाही, सर?"

"काही नाही. वय झालं माझं. भोंग्याचा गोंगाट होता. पातेलं होतं, वास येत होता. जिलबी चांगली होती."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याची चूक काढली, तो माणूस मित्रासाठी स्वतःला अडाणी म्हणवून घेत होता. मी लिहू लागले. लिहिताना माझं अक्षर इतकं सुवाच्य कधी आलं नसेल.

पेठ्यांनी चहा संपवला. उठायच्या बेतात कपाळाला आठ्या घालून मला म्हणाले, "बाई, जाता जाता एक. पद्धत मला नीट समजू द्या, साहेब विचारतील. ग्रंथी आधी स्पिरिटात बुडवून चरबी काढायची आणि मग ती साखरेत मुरवायची, असंच ना?"

मी तोंड उघडायच्या आत झोपाळ्यावरून आवाज आला.

"छे, छे, छे! उलटं सांगताय तुम्ही. साखर आधी. साखर मुरलेली नसताना स्पिरिट लागलं तर त्यातलं पाचक द्रव्य मरेल. काय उरणार मग? पाकही दाट हवा, आणि कोमट. इंगवल्यांनी मला बोट घालून दाखवलं होतं की, इतका..."

ते थांबले. हात तसाच वर राहिला, बोट पुढे केलेलं. पेठ्यांनी डोकं खाली घातलं. विजयी झाल्यासारखे ते दिसले नाहीत, हे मी प्रामाणिकपणे सांगते. थोडे ओशाळलेच होते. पण काम फत्ते झालं होतं.

"चुकीचं ऐकवत नाही हो मला," सर म्हणाले. ते माझ्याशीही बोलत नव्हते, पेठ्यांशीही नाही. निघताना मी पाया पडले, तर त्यांनी पाय मागे घेतले.

पुढचं थोडक्यात सांगते. मी मुंबईला येऊन रिपोर्ट लिहिला. पद्धत अर्जाआधी उघड झालेली, जाणकारासमोर समजावून दाखवलेली, पेटंट टिकण्याची शक्यता नाही. आमच्या मोठ्या साहेबांनी शाबासकी दिली. इतकी पक्की तपासणी क्वचित होते म्हणाले. कंपनीने इंगवल्यांना कळवलं की यंत्रसामग्री तेवढी घेऊ, अट मान्य नाही. इंगवल्यांनी नकार दिला. वर्षभरात ठाण्याच्या कारखान्यातून तशीच भुकटी बाजारात आली, चांगल्या डबीत, चांगल्या जाहिरातीसह. इंगवल्यांनी डोळ्यांनी दिसेनासं होईपर्यंत आपली भुकटी चालवली, आणि मग शेडला कुलूप लागलं. बायका पांगल्या. कुणी विड्या वळायला लागली, कुणी माणला परत गेली. साखरेच्या युक्तीसाठी ठाण्याने इंगवल्यांचं नाव कधी घेतलं नाही, आणि घ्यायचं कारणही नव्हतं. कंपनी सगळं कायद्याला धरून करत होती. त्या कायद्यावर माझं पोट होतं, आणि त्याला मी आजही चूक म्हणत नाही. फक्त त्या शाबासकीची आठवण झाली की मला अजून लाज वाटते.

पण मला सांगायचंय ते त्याआधीचं. कंपनीचा निरोप द्यायला आणि त्यांचे मूळ कागद परत करायला मी एकदा कुपवाडला गेले होते. ते काम टपालाने झालं असतं. मी मुद्दाम गेले. निरोप दिला. पेटंट कशामुळे पडलं, तेही आता सांगायला हरकत नव्हती, ते सांगितलं. सरांचंही सांगितलं.

इंगवले आधी मोठ्याने हसले. "सर व्हय? सरांम्होरं चुकीचं बोललं मग! देवानं चूक केली तरी सर सोडायचं न्हाईत." शेडबाहेर बाकड्यावर आम्ही बसलो होतो. पाळी सुटायची वेळ झाली होती.

मला राहवलं नाही. जवळजवळ रागावूनच मी म्हटलं, "पण हवालदारसाहेब, एवढा मांडव, भोंगा, हवं होतं कशाला? दारं लावून चार माणसांत घाणा काढला असता, तर आज सगळं शाबूत असतं. या बायकांची कामं शाबूत असती."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना माझा चेहरा कितपत दिसत होता कोण जाणे.

"दारं लावूनच चालू करणार हुतो मी बी," ते म्हणाले. "मांडव न्हवताच ठरला. पर दारं लावली तर आत कामाला कोण आलं असतं, बाई? घरोघर हिंडलो मी. बोकडाची आतडी-कोथळी चिवडायची, म्हंजे खाटिकखान्यातलं काम, लोकं नावं ठेवत्यात, असं म्हणायच्या म्हाताऱ्या. दोघी आल्या हुत्या काम शिकायला. त्यांच्या सासवांनी म्हटलं, त्या हातानं आमच्या हंड्याला शिवायचं न्हाई. तिसऱ्या दिशी दोघी बी बंद. म्हटलं, म्हाताऱ्यांस्नीच आणून दावावं. म्हणून मांडव. म्हणून भोंगा. सरांस्नी बी त्याच्यापायीच आणलं. एवढा मोठा माणूस पातेल्यापाशी उभा ऱ्हाऊन 'हे औषध हाय' म्हणला, तवा म्हाताऱ्यांस्नी पटलं. डगलं दावलं, हात धुवायचा साबण दावला. पुढं पुढं घुसून बघत हुत्या सगळ्या."

आत घंटा झाली. बायका नळावर हात धुऊ लागल्या. साबणाचा वास बाकड्यापर्यंत आला. मी विचारलं, "मग? आल्या कामाला?"

"आल्या तर!" इंगवले म्हणाले. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी इकडं मी पाकीट टाकून टपालातनं आलो, तर फाटकात सासवा उभ्या. सुनांस्नी हाताला धरून आणलं हुतं."